आधी प्लास्टर पाहा: कोपनहेगनमधलं थॉरवाल्डसन संग्रहालय

डेन्मार्कची संसद जिथे भरते त्या क्रिस्टियान्सबॉर्ग राजवाड्याला लागून, कालव्याच्या काठावर, एक गर्द पिवळी इमारत आहे. आजूबाजूचे दगड करडे, आकाश बहुतेक दिवस करडं, आणि मध्येच हा पिवळा रंग. हे थॉरवाल्डसन संग्रहालय. १८ सप्टेंबर १८४८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. डेन्मार्कमध्ये खास संग्रहालय म्हणून बांधलेली ही सर्वांत जुनी इमारत. आत बर्टेल थॉरवाल्डसन या एकाच शिल्पकाराचं जवळपास आयुष्यभराचं काम मांडलेलं आहे, आणि तो स्वतःही तिथेच, मधल्या चौकात चिरविश्रांती घेतो आहे.

एकाच शिल्पकाराचं संग्रहालय पाहण्याची रीत वेगळी असते. एरवी संग्रहालयात एका पुतळ्यापुढून दुसऱ्यापुढे जाताना आपण विचारतो, हा कोणाचा, कोणत्या काळातला? इथे ते प्रश्न दारातच संपतात. सगळंच एकाचं. मग नजर मोकळी होते आणि खरा प्रश्न पडतो: हे घडवलं कसं? या प्रश्नाचं उत्तर थॉरवाल्डसन संग्रहालयाइतक्या स्वच्छपणे देणाऱ्या जागा थोड्या आहेत, कारण इथे तयार संगमरवरी शिल्पांबरोबर त्यांच्या आधीचा टप्पाही जपलेला आहे. तो टप्पा म्हणजे प्लास्टर. खरं तर या इमारतीतली बहुतेक मोठी कामं प्लास्टरचीच आहेत.

प्लास्टर म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात. पीओपीचा गणपती म्हणजे स्वस्त, शाडूचा म्हणजे अस्सल, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे, आणि विसर्जनाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण शिल्पकाराच्या कामशाळेत प्लास्टरचं स्थान फार वरचं असतं. म्हणून इथे येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच: संगमरवराकडे धावू नका. आधी प्लास्टर पाहा.

त्याआधी माणसाची थोडी ओळख. थॉरवाल्डसनचा जन्म १७७० चा, कोपनहेगनमधला. वडील आइसलंडचे, लाकडावर कोरीवकाम करणारे. जहाजांच्या नाळेवर ज्या आकृती बसवत त्या ते कोरत. घरची गरिबी होती, पण मुलाचा हात ओळखून त्याला अकराव्या वर्षी शाही कला अकादमीत घातलं. १७९३ साली अकादमीचं मोठं सुवर्णपदक आणि त्याबरोबर परदेशी जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली. ८ मार्च १७९७ रोजी तो रोमला पोहोचला. त्या तारखेला तो पुढे आपला ‘रोममधला वाढदिवस’ मानत असे. अधल्यामधल्या प्रवासांपुरता बाहेर पडला तरी त्याचं घर आणि कामशाळा १८३८ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, रोममध्येच होती.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. मोठा पुतळा सुरू होतो मातीपासून. लोखंड आणि लाकूड यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर ओली माती चढवायची आणि आकार काढत जायचा. ही माती भाजता येत नाही, कारण आत सांगाडा आहे आणि वस्तू प्रचंड आहे. ती नुसती ठेवताही येत नाही. वाळली की आक्रसते, तडकते, गळून पडते. काम चालू असेपर्यंत तिच्यावर ओली फडकी टाकत राहावं लागतं. म्हणजे शिल्पकाराची बोटं जिला प्रत्यक्ष लागली ती वस्तू मुळातच अल्पायुषी असते. तिला वाचवण्याचा मार्ग एकच: माती ओली आहे तोवर तिचा साचा घेणं.

जिप्समचा दगड साधारण दीडशे अंशांवर तापवला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि त्याची भुकटी होते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती काही मिनिटांत घट्ट होते. घट्ट होताना ती गरम होते आणि किंचित फुगते. हे फुगणंच शिल्पकाराला हवं असतं, कारण त्यामुळे प्लास्टर कानाकोपऱ्यात दाबून बसतं आणि मातीवरचा बोटाचा ठसासुद्धा उचलतं. मातीच्या मूर्तीवर पहिला पातळ थर द्यायचा तो रंग मिसळलेल्या प्लास्टरचा. त्यावर पांढऱ्या प्लास्टरचे जाड थर. ते कडक झाले की साचा भागाभागांनी सुटा करायचा, आतली माती खरवडून काढायची, साचा धुऊन त्याला साबणाचा किंवा तेलाचा हात द्यायचा आणि पुन्हा जोडून आत नवं प्लास्टर ओतायचं. शेवटी बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. फोडता फोडता रंगीत थर लागला की कारागिराने हात हलका करायचा. मूर्ती आता अगदी जवळ आहे.

पेणच्या गणपतींच्या कारखान्यात एका साच्यातून मूर्तींमागून मूर्ती निघतात. इथे साचा फुटतो, मातीही गेलेली असते, आणि जगात एकच वस्तू उरते: आतून निघालेलं प्लास्टर. कामशाळेत ‘मूळ नमुना’ म्हणतात तो हाच. पुढे कोणी संगमरवरात मागणी केली, ब्राँझमध्ये केली, लहान हवा, मोठा हवा, सगळं याच्यावरून निघतं. थॉरवाल्डसन संग्रहालयात शिरल्याबरोबर समोरच्या उंच दालनात जे घोडेस्वार, राजे आणि स्मारकं दिसतात ती सगळी अशीच. त्यांच्या अंगावर साच्याच्या सांध्यांच्या बारीक रेघा शोधा. अनेकांवर पेन्सिलीचे ठिपके आणि खुणाही दिसतील. त्या कशाच्या, ते पुढे येईल.

प्लास्टरची ही पायरी किती मोलाची, ते कळण्यासाठी जेसनपाशी जायला हवं. सोनेरी मेंढ्याची कातडी जिंकून परत निघालेला ग्रीक वीर. थॉरवाल्डसनने रोममध्ये हा पुतळा पहिल्यांदा मातीत घडवला तेव्हा साचा घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून तो मोडून टाकावा लागला. शिष्यवृत्ती संपत आलेली, परत जाण्याची वेळ झालेली. त्याने पुन्हा घडवला, या वेळी माणसाहून मोठा, जवळपास अडीच मीटर उंच. फ्रिडरिके ब्रुन या डॅनिश लेखिकेने पैसे दिले आणि १८०३ च्या सुमाराला जेसन प्लास्टरमध्ये आला. रोममध्ये ज्याच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन होतं त्या शिल्पकार अंतोनियो कानोव्हाने त्याची तारीफ केली. पाठोपाठ टॉमस होप या श्रीमंत इंग्रज संग्राहकाने तो संगमरवरात करून मागितला आणि थॉरवाल्डसनचं परतीचं जाणं टळलं. हा संगमरवरी पुतळा होपच्या हाती पडला १८२८ मध्ये, पंचवीस वर्षांनी! मधल्या काळात कलावंताचा हात आणि कीर्ती दोन्ही पुढे गेली होती, आणि तरुणपणीच्या या कामाकडे परत वळायला त्याला जड जात होतं. होपच्या वारसांकडून १९१७ साली संग्रहालयाने तो विकत घेतला. त्यामुळे आज जेसन इथे प्लास्टरमध्येही आहे आणि संगमरवरातही.

दोन्ही पाहा, आणि एकापाठोपाठ एक पाहा. डाव्या हातावर लोंबणारी कातडी, उजव्या खांद्यावर भाला, मान डावीकडे वळलेली. प्लास्टर प्रकाश अडवतं. त्याच्यावर सावलीची कड नेमकी पडते, म्हणून छातीची आणि पोटाची ठेवण तिथे अधिक स्पष्ट वाचता येते. संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरतो आणि परत फिरतो, त्यामुळे कडा मऊ होतात आणि त्वचेचा भास होतो. मग पायाशी असलेला झाडाचा बुंधा पाहा. त्याचं कथेशी फारसं नातं नाही. संगमरवर दाब सोसतो, ताण सोसत नाही. अडीच मीटरच्या देहाचं वजन दोन घोट्यांवर टाकलं तर ते मोडतात. म्हणून दगडी पुतळ्यांना बुंधे, खडक, घोळदार वस्त्रं लागतात. ब्राँझला ही गरज नसते. हे एकदा लक्षात आलं की जगातल्या कुठल्याही संग्रहालयात हा पुतळा मुळात कोणत्या माध्यमासाठी कल्पिला असावा, याचा अंदाज बांधता येतो.

आता पेन्सिलीच्या ठिपक्यांकडे. प्लास्टरवरून दगडात जायचं ते डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, मापाने. प्लास्टरच्या नमुन्यावर काही पक्के बिंदू ठरवतात आणि तेच बिंदू दगडाच्या ठोकळ्यावर घेतात. त्यांच्यापासून नमुन्यावरची इतर ठिकाणं किती दूर, किती वर, किती खोल हे चौकटी, ओळंबे आणि कंपास लावून मोजतात. मग दगडात त्या त्या जागी तेवढंच खोल भोक पाडतात, थोडी जागा राखून. असे शेकडो बिंदू घेतले की भोकांच्या मधला दगड बिनधास्त उडवता येतो. जिथे भोकाचा तळ लागला तिथे थांबायचं. याच काळाच्या आसपास पॉइंटिंग मशीन म्हणून ओळखलं जाणारं साधन युरोपात रुळत होतं. त्यात सरकणारी सुई असलेला दांडा नमुन्यावर टेकवून माप पक्कं करतात आणि तसाच उचलून दगडावर लावतात. आपल्याकडचे शिल्पकारही दगडकामात हे यंत्र वापरत आले आहेत.

मोजमाप, भोकं, खरड, मग केस, मग वस्त्रांच्या चुण्या, मग पॉलिश. रोममध्ये पियात्सा बार्बेरिनीच्या परिसरात थॉरवाल्डसनच्या कामशाळा होत्या आणि तिथे डझनावारी मदतनीस हेच करत. एकाचा हात केसांवर बसलेला, दुसऱ्याचा कापडावर. थॉरवाल्डसन मातीचा नमुना घडवायचा, कामावर नजर ठेवायचा, काही पुतळ्यांवर शेवटचा हात स्वतः फिरवायचा, आणि तेही प्रत्येक वेळी नव्हे. एकाच नमुन्यावरून वेगवेगळ्या ग्राहकांसाठी अनेक संगमरवरी प्रती निघत. आजच्या वाचकाला हे खटकतं. मग हे काम खरं कोणाचं, असं मनात येतं. पण त्या काळी ही उघड, मान्य रीत होती. कानोव्हाची कामशाळा अशीच चाले, लंडनमध्ये फ्रान्सिस चँट्रीचीही. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, चँट्रीने केलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा संगमरवरी पुतळा आहे. तो या माहितीनिशी पुन्हा पाहण्याजोगा आहे. माझ्या मते कलावंताचा हात शोधायचाच असेल तर तो प्लास्टरमध्ये जास्त जवळ सापडतो. माती आणि आपण यांच्यामध्ये तिथे फक्त एक साचा असतो. संगमरवर आणि माती यांच्यामध्ये माणसांची आख्खी रांग असते.

तळमजल्यावर मार्गिकांना लागून छोट्या खोल्या आहेत. बहुतेक खोल्यांत मुख्य पुतळा एकच. वास्तुकार गॉटलिब बिंडेसबोल याने ही इमारत राजघराण्याच्या जुन्या बग्गीखान्याच्या जागी, त्याच्या भिंतींचा उपयोग करून उभारली. छतांवर त्याने प्राचीन रोमन शहर पाँपेईच्या धर्तीची चित्रकाम-नक्षी करवून घेतली आणि भिंतींना गडद रंग दिले: तांबडा, हिरवा, जांभळट. पांढरी शिल्पं पांढऱ्या भिंतीपुढे ठेवण्याची पुढे पडलेली सवय पाहता हे धाडसच वाटतं, पण खोलीत उभं राहिल्यावर त्यामागचा विचार कळतो. गडद रंगावर पांढऱ्या आकृतीची बाह्यरेषा उठून येते, आणि थॉरवाल्डसनची सगळी ताकद त्या रेषेत आहे. खिडक्या उंचावर आहेत, म्हणून उजेड वरून तिरका येतो आणि शिल्पाची घडण उलगडतो. ढगाळ दिवशीही इथे छान दिसतं. उत्तरेतला मंद उजेड या पांढऱ्याला मानवतो.

या खोल्यांमध्ये गडबड करू नका. गॅनिमीडपाशी थांबा: गुडघ्यावर बसलेला मुलगा, गरुडाच्या रूपातल्या ज्युपिटरला वाडग्यातून पाजतो आहे. समोरून, म्हणजे बाजूच्या रेषेतून, तो अगदी पुरा होतो. मुलगा आणि पक्षी मिळून एक बंद आकार. मागे जाऊन पाहिलं तर त्या मानाने कमी हाती लागतं. थॉरवाल्डसनचे बरेच पुतळे असे आहेत: त्यांना एक तोंड आहे, आणि बिंडेसबोलने ते दाराकडे केलं आहे. इटालियन शिल्पकार बर्निनीसारखी गरगर फिरवणारी शिल्पं आवडणाऱ्यांना हे थंड वाटेल. मलाही त्याच्या काही देवता थंडच वाटतात; सुंदर, पण अंतर राखून असलेल्या. मर्क्युरी मात्र नाही. १८१८ च्या सुमाराचं हे काम. शंभर डोळ्यांच्या आर्गसला बासरी ऐकवून मर्क्युरीने झोपवलं आहे. तो धड बसलेला नाही, धड उठलेला नाही. ओठांपासून बासरी नुकती दूर होते आहे आणि दुसरा हात आवाज न करता तलवार म्यानातून काढतो आहे. नजर आर्गसवर, आणि आर्गस आपल्याला दिसतच नाही. वार अजून झालेला नाही, पण अंगातला एकेक स्नायू तिकडे निघाला आहे. एवढं एक शिल्प पाहायला मिळालं तरी इथवरचा प्रवास सार्थकी लागला असं मी म्हणेन.

उठावशिल्पं पाहताना उजेड बाजूने पडेल असे उभे राहा. अलेक्झांडरचा बाबिलोनप्रवेश दाखवणारा लांबलचक पट्टा थॉरवाल्डसनने १८१२ मध्ये रोमच्या क्विरिनाल राजवाड्यासाठी तीन महिन्यांत मातीत घडवला, कारण नेपोलियन येणार होता. नेपोलियन आलाच नाही. ‘रात्र’ आणि ‘दिवस’ ही दोन वर्तुळाकार उठावशिल्पं १८१५ ची. दोन झोपलेल्या बाळांना घेऊन उडणारी पंखवाली रात्र, सोबत घुबड. उठाव अगदी बेताचा आहे, तरी तिघांची शरीरं एकमेकांच्या मागे-पुढे असल्याचं डोळ्यांना बिनचूक कळतं.

या संग्रहातल्या प्लास्टरमुळे एक अख्खं स्मारक परत उभं राहिलं, ते पोलंडमध्ये. राजपुत्र युझेफ पोन्यातोव्स्की याचा थॉरवाल्डसनने केलेला ब्राँझचा अश्वारूढ पुतळा वॉर्सामध्ये होता. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी तो नष्ट केला. पण मूळ नमुना कोपनहेगनमध्ये सुखरूप होता. युद्धानंतर त्याच्यावरून नवा पुतळा ओतण्यात आला आणि डेन्मार्कने तो वॉर्साला भेट दिला. आज तो तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर आहे. ल्युसर्नच्या कड्यात कोरलेला मरणासन्न सिंह स्वित्झर्लंडला जाणारे मराठी प्रवासी हमखास पाहतात. त्याचाही नमुना थॉरवाल्डसनचाच. कड्यावर छिन्नी चालवली ती १८२०-२१ मध्ये लुकास आहोर्न या दुसऱ्या कारागिराने.

ख्रिस्त आणि त्याच्या बारा शिष्यांचे प्लास्टरचे नमुने एका स्वतंत्र दालनात आहेत. त्यांची संगमरवरी रूपं इथून चालत काही मिनिटांवर, व्हॉर फ्रुए कीर्के या कॅथेड्रलमध्ये आहेत. आधी इथे, मग तिथे, असा क्रम ठेवा. संग्रहालयात ख्रिस्ताकडे आपण घडण म्हणून पाहतो. चर्चमध्ये लोक त्याच्यापुढे मान खाली घालून बसलेले असतात. पसरलेल्या हातांचा अर्थ दोन जागी दोन होतो.

वरच्या मजल्यावर थॉरवाल्डसनचा स्वतःचा संग्रह आहे: समकालीन चित्रं, ग्रीक-रोमन आणि इजिप्शियन वस्तू, कोरीव खडे, नाणी. वेळ कमी असेल तर इथे भरभर चाला. चौकात मात्र दोन मिनिटं थांबा. वेलींनी झाकलेली साधी कबर आहे. २४ मार्च १८४४ रोजी, रॉयल थिएटरमध्ये नाटक सुरू होण्याआधी, बसल्या जागी त्याला मृत्यू आला.

बाहेर पडल्यावर इमारतीभोवती फेरी मारा. भिंतींवर यर्गन सोन याने रंगीत गिलाव्यात केलेली लांब चित्रमालिका आहे. १८३८ मध्ये थॉरवाल्डसन ‘रोटा’ या युद्धनौकेवरून परतला तेव्हा त्याला भेटायला होड्यांतून लोटलेली माणसं, आणि जहाजावरचे पुतळे उतरवून इकडे ओढत आणणारे खलाशी आणि हमाल. राजांना मानाची जागा देण्याच्या त्या काळात दोर ओढणाऱ्यांना भिंतीवर स्थान मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं. ते साजेसंही आहे. थॉरवाल्डसनने आपलं काम आपल्या जन्मगावाला देऊन टाकलं आणि या घरासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली.

आपल्याकडे गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरमधली आहे, आणि तेवढ्याने ती थोर आहे की नाही हा प्रश्न कोणाला पडत नाही. पण शिल्पकार गेल्यावर कामशाळेतले प्लास्टरचे नमुने बहुतेक ठिकाणी अडगळ समजले जातात. जागा मोकळी करायची झाली की पहिले तेच बाहेर जातात. तुमच्या ओळखीच्या एखाद्या शिल्पकाराच्या घरी असे नमुने पडून असतील तर ते फेकण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. आणि एकाच शिल्पकाराचं काम एका छपराखाली पाहायला कोपनहेगनलाच जायला हवं असंही नाही. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी घडवणारे विनायकराव करमरकर यांचं शिल्पालय अलिबाग तालुक्यात सासवणे इथे, त्यांच्या राहत्या घरी आहे. गेटवेहून मांडव्याची बोट धरली की ते फार दूर नाही. जा, आणि प्रत्येक शिल्पापुढे आधी हेच विचारा: हे कशात घडलं, आणि त्याआधी कशात होतं?